कावडीचा भार : मॉरिशस बेटावरील तीर्थदर्शन

॥ श्री गणेशाय नमः ॥

‘तीर्थ’ हा शब्द संस्कृतातील ‘तॄ’ या धातूपासून सिद्ध झाला आहे. ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे. नदीला जेथे उतार असतो आणि जेथून मनुष्य सुखरूपपणे पैलतीर गाठू शकतो, त्या जागेला पूर्वजांनी तीर्थ म्हटले. तीर्थाच्या मुळाशी अशा रीतीने पाणी आहे, प्रवास आहे आणि पार होण्याची तळमळ आहे. देवालय, शिखर, घाट, मूर्ती हा सारा संभार त्यानंतरचा.

महाराष्ट्रातील भाविकांना काशी-रामेश्वराची यात्रा ठाऊक आहे. काशीहून गंगोदकाची कावड खांद्यावर घ्यावी, पायी दक्षिणेची वाट चालावी आणि ते जल रामेश्वराच्या लिंगावर अर्पण करावे, अशी ही परंपरा. संत एकनाथमहाराज अशीच कावड घेऊन निघाले असता वाटेतील तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव त्यांना दिसले. बरोबरचे यात्रेकरू हळहळून पुढे निघाले. नाथांनी मात्र कावड उतरवली आणि इतक्या दुरून जपून आणलेले गंगाजल त्या मुक्या जीवाच्या मुखात घातले. रामेश्वर तेथेच पावला, ही त्यांची धारणा होती. ही कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, कारण तिने यात्रेचे माप एकदाच आणि कायमचे ठरवून दिले आहे. कावड किती दुरून आणली, यापेक्षा ती कोणासाठी उतरवली, याला मोल आहे.

हेच माप मनाशी धरून भाविकाने मॉरिशस बेटाची यात्रा करावी. अलीकडे अनेक मराठी कुटुंबे पर्यटनाच्या निमित्ताने तेथे जातात. निळा समुद्र, पांढरी वाळू, उसाची हिरवी शेते पाहून मन प्रसन्न होते आणि त्यात काही गैर नाही. परंतु समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस घालवून, मधल्या एखाद्या सकाळी मंदिर आणि एखादी जुनी वास्तू ‘पाहून’ परतणाऱ्याच्या हाती छायाचित्रांखेरीज फारसे काही लागत नाही. या बेटावरील प्रत्येक पवित्र स्थळ कोणीतरी खांद्यावर वाहून आणलेले आहे. ते कोणी वाहिले, हे जाणल्यावाचून दर्शन पुरे होत नाही.

बेटाचा पूर्वेतिहास

मॉरिशस हे हिंदी महासागरातील, मादागास्करच्या पूर्वेस असलेले, ज्वालामुखीतून निर्माण झालेले बेट आहे. मुंबईपासून त्याचे अंतर साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक भरते. मूळचे रहिवासी असे येथे कोणी नव्हते. १५९८ मध्ये डच लोक उतरले व त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेतले आणि १८१० मध्ये इंग्रजांनी ते फ्रेंचांकडून जिंकून घेतले. आफ्रिका व मादागास्कर येथून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर येथील मळे उभे राहिले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली. मळे मात्र तसेच होते आणि त्यांना हात हवे होते. ते हात भारतातून आणावेत, असे ठरले. कराराने बांधलेल्या भारतीय मजुरांच्या या प्रथेला इंग्रज सरकारने ‘महान प्रयोग’ असे गौरवाचे नाव दिले होते.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपर्यंत सुमारे पाच लाख भारतीय या बंदरावर आले. काही करार संपवून मायदेशी परतले, काहींना तेथून अन्य वसाहतींत धाडण्यात आले, बहुतेक तेथेच राहिले. त्यांतील मोठा भाग कोलकात्याच्या बंदरातून आलेल्या बिहार-पूर्वांचलातील लोकांचा होता. मद्रासहून तामिळ व तेलुगू भाषक आले. मुंबईहून गेलेल्यांची संख्या तुलनेने थोडी, परंतु त्यांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, मराठी माणसे होती.

आप्रवासी घाट : सोळा पायऱ्या

राजधानी पोर्ट लुई येथे बंदराला लागून ‘आप्रवासी घाट’ आहे. भाविकाने यात्रेचा आरंभ येथूनच करावा. १८४९ मध्ये बांधलेल्या या आगारात जहाजावरून उतरलेल्या प्रत्येक मजुराला आणले जाई. त्याची नोंद होई, त्याला क्रमांक मिळे, वैद्यकीय तपासणी होई आणि मग ज्या मळ्याशी करार झाला असेल तिकडे त्याची रवानगी होई. मूळ वास्तूचा थोडाच भाग आज उरला आहे. दरवाजाजवळील कचेरी, रुग्णालयाचे अवशेष, स्वयंपाकघर, शौचालये आणि समुद्राकडून वर येणाऱ्या दगडी सोळा पायऱ्या. २००६ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१४ पासून तेथे एक माहिती केंद्रही आहे. २ नोव्हेंबर हा दिवस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टीचा असून त्या दिवशी येथे पूर्वजांचे स्मरण केले जाते.

येथे गाभारा नाही, घंटा नाही, प्रसाद नाही. तरीही पादत्राणे काढून उभे राहावेसे वाटावे, अशी ही जागा आहे. ज्या माणसाने गावची वेस क्वचितच ओलांडली होती, त्याने समुद्र ओलांडला. समुद्रगमनाने धर्म बुडतो, जात जाते, ही त्या काळची समजूत. कित्येक आठवडे जहाजाच्या पोटात काढून, अनोळखी भाषांच्या गर्दीत, आपला गाव पुन्हा दिसेल की नाही हे न कळता तो या पायऱ्या चढला. हाती एक गाठोडे होते. त्यात कोणाकडे तुळशीची माळ, कोणाकडे पोथी, कोणाकडे अंगारा असेल. बहुतेकांजवळ पाठ केलेल्या चार ओळी आणि आईने शिकवलेला नमस्कार एवढेच असावे. धर्म बुडाल्याची समजूत गावात राहिली. धर्म त्यांच्याबरोबर पायऱ्या चढून वर आला.

पुढचे जिणे सोपे नव्हते. पुरुष मजुराचे वेतन महिना सुमारे ५ रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. मळ्याबाहेर विनापरवाना फिरणाऱ्याला भटक्या ठरवून तुरुंगात टाकले जाई. भाविकाने त्या पायऱ्यांवर क्षणभर डोळे मिटावेत आणि हे सारे आठवावे. घाट या शब्दाचा अर्थ येथे जसा उमगतो, तसा काशीलाही कदाचित उमगणार नाही. काशीच्या घाटावर मनुष्य पापाचे ओझे उतरवण्यासाठी येतो. या घाटावर ओझे उतरले नाही, ते खांद्यावर चढले.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची जुनी दफ्तरे जतन केलेली आहेत. नाव, वय, गाव, जहाज, क्रमांक आणि पुढील काळातील नोंदींत छायाचित्रही. आजही बेटावरील तरुण तेथे जाऊन आपल्या पणजोबांचे मूळ गाव शोधतात. स्वतः गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून भारतात परतताना सुमारे अडीच आठवडे मॉरिशसमध्ये थांबले होते आणि मजुरांनी मुलांना शिकवावे, असे त्यांनी तेथे आग्रहाने सांगितले होते.

उसाच्या बांधावरील देव

मळ्यावर आलेल्या या लोकांनी देऊळ कसे बांधले, हे समजून घेण्याजोगे आहे. त्यांच्याकडे जमीन नव्हती, पैसा नव्हता, स्थपती नव्हते. उसाच्या शेताच्या कडेला, एखाद्या झाडाखाली, त्यांनी काही दगड मांडले, त्यांना शेंदूर लावला आणि तेथे कालीमाई आली. अशी कालीमाईची ठाणी बेटावर जागोजाग आजही दिसतात. कोकणातील भाविकाला ती पाहून आपल्या गावच्या वेशीवरील राखणदाराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मोठ्या मंदिराकडे निघालेली गाडी अशा ठाण्याजवळ दोन मिनिटे थांबवावी. बेटावरील पुष्कळ मोठ्या देवळांची खरी पायाभरणी या दगडांनी केली आहे.

दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी हे लोक ‘बैठका’ नावाच्या साध्या छपराखाली जमत. दिव्याच्या उजेडात रामायणाचे पठण होई आणि त्याच दिव्याखाली मुले अक्षरे गिरवीत. थकलेल्या शरीराने केलेले ते पठण हीच त्या समाजाची पाठशाळा, धर्मसभा आणि न्यायसभा होती. पुढे साखरेचे भाव पडले, तेव्हा काही मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकण्यास काढले. मजुरांनी पै पै साठवून ते घेतले, गावे वसली आणि गावांबरोबर विटा-चुन्याची देवळे उभी राहू लागली. उत्तरेकडील त्रिओले गावचे महेश्वरनाथ मंदिर हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असून बेटावरील जुन्या व मोठ्या शिवालयांत त्याची गणना होते.

मराठी माणसांनी आपला गणपती जपला. हेन्रिएटा गावी १८९६ मध्ये बेटावरील पहिली गणेशचतुर्थी साजरी झाली, असे तेथे मानले जाते. पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात जुनी मराठी वस्ती आहे. गणेशचतुर्थीला आज संपूर्ण देशात सार्वजनिक सुट्टी असते. घरोघरी मूर्ती बसते, आरत्या होतात, झाकरीची गाणी व नृत्य होते आणि नदीत वा समुद्रात विसर्जन होते. घरातली बोलभाषा बहुतेकांची क्रिओल झाली आहे. मराठी शाळेत शिकावी लागते आणि ती शिकवली जाते. आरती म्हणताना एखादा उच्चार वेगळा वाटला, तर महाराष्ट्रातून गेलेल्या भाविकाने तो सुधारण्याची घाई करू नये. ज्यांच्या पाच-सहा पिढ्यांनी एकही सण चुकवला नाही, त्यांच्यापुढे उच्चाराचा अभिमान मिरवणे शोभत नाही. त्या आरतीत आपला आवाज मिसळावा, हीच खरी रीत.

गंगा तलाव

बेटाच्या दक्षिणेकडील सावान जिल्ह्यात, उंच पठारी व वनाच्छादित भागात, एका शांत ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर आहे. फ्रेंच भाषेत त्याला ग्रां बासें म्हणत, भारतीय लोक त्याला ‘परी तलाव’ म्हणत. १८९७ मध्ये त्रिओले येथील झम्मन गिरी गोसाईं नावाच्या पुजाऱ्याला स्वप्न पडले. रानातील एका सरोवराचे पाणी जान्हवीशी जोडलेले आहे, असे त्याने त्या स्वप्नात पाहिले. पुढल्या वर्षी, १८९८ मध्ये, भाविकांचा एक लहान समूह रानवाटेने तेथे पोचला आणि त्या सरोवराचे जल आणून महाशिवरात्रीला शिवलिंगावर त्याचा अभिषेक केला. तेव्हापासून ही वारी चालू आहे.

१९७२ मध्ये भारतातून गोमुखाचे गंगाजल आणून या सरोवरात समारंभपूर्वक मिसळण्यात आले आणि त्याचे नाव गंगा तलाव झाले. बाहेरून आलेल्या कोणा शंकेखोराला प्रश्न पडतो की, हजारो योजने दूर असलेल्या बेटावर गंगा कशी येईल? १८९८ मध्ये चालत निघालेल्यांना हा प्रश्न पडला नाही. काशीला जाण्याचे भाडे त्यांच्याजवळ नव्हते आणि कराराचा कागद त्यांना जाऊ देणार नव्हता. ज्याला गंगेकडे जाता येत नाही, त्याच्याकडे गंगा येते, ही आपल्या परंपरेतील जुनी श्रद्धा आहे. घरच्या स्नानाच्या पाण्यात सप्तनद्यांना आवाहन करणारा गृहस्थ रोज हेच करीत असतो. मॉरिशसच्या मजुरांनी ते अवघ्या समाजासाठी केले, एवढेच.

आज तलावाच्या काठी शिव, हनुमान, गणेश, लक्ष्मी आदी देवतांची मंदिरे आहेत. २००७ मध्ये तेथे मंगल महादेवाची ३३ मीटर, म्हणजे १०८ फूट उंचीची मूर्ती उभी राहिली. गायकवाडांच्या बडोद्यातील सूरसागर तलावातल्या शिवमूर्तीवरून ती घडवलेली आहे. पुढे तितकीच उत्तुंग दुर्गामूर्तीही उभारण्यात आली. पठारावर धुके उतरले की, या मूर्तींची मस्तके दिसेनाशी होतात आणि केवळ चरण उरतात. भाविकासाठी तेवढे पुरे असते.

महाशिवरात्रीच्या आधीच्या दिवसांत बेटावरील वाटा शुभ्र वस्त्रे नेसलेल्या यात्रेकरूंनी भरून जातात. लाखो भाविक, कोणी दोन दिवस तर कोणी त्याहून अधिक, खांद्यावर कावड घेऊन चालत गंगा तलावाकडे येतात आणि तेथील जल घेऊन आपल्या गावच्या शिवालयाकडे परततात. वाटेत जागोजाग मंडप घातलेले असतात. गावकरी पाणी, सरबत, फळे, गरम अन्न पुढे करतात आणि घेण्याचा आग्रह करतात. पंढरीची वारी पाहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही, फक्त डोळे भरून येतील.

कावडीची उंची

याच वाटेवर घडलेली एक दुःखद घटना येथे सांगणे आवश्यक आहे. आरंभीच्या कावडी बांबूच्या, फुलांनी व आरशांनी सजवलेल्या, एका खांद्यावर पेलणाऱ्या असत. काळ बदलला, हातात पैसा आला. गावागावांत चुरस लागली. कावडींना चाके आली, वर देवांच्या भव्य मूर्ती आल्या, दिवे आले, ध्वनिवर्धक आले. खांद्यावरची कावड रथाएवढी झाली. ३ मार्च २०२४ रोजी, महाशिवरात्रीस पाच दिवस उरले असताना, अशा एका उंच कावडीचा विजेच्या तारांना स्पर्श झाला व आग लागली. सहा यात्रेकरू मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले. कावडीच्या आकाराला मर्यादा असावी, हा विचार त्यानंतर तेथे अधिक जोराने पुढे आला.

मृत झालेले भाविक श्रद्धेनेच निघाले होते. त्यांच्या श्रद्धेला उणे बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्यांच्या कुटुंबांचे दुःख हे समस्त यात्रेकरूंचे दुःख आहे. तथापि या घटनेतून जो प्रश्न उभा राहतो, तो महाराष्ट्रातील भाविकांनीही स्वतःला विचारला पाहिजे, कारण उंच मूर्तींची, मोठ्या मिरवणुकींची आणि कानठळ्या बसवणाऱ्या वाद्यांची चुरस आपल्याकडेही कमी नाही. देवाला अर्पण करण्याचे जल तेवढेच असते, एका कलशात मावणारे. भोवतीचा डोलारा वाढत जातो, तो कोणासाठी? देवाला तो लागत नाही. शेजारच्या गावाने पाहावे, यासाठी तो वाढतो. कावड जड झाली की, ती वाहणाऱ्याला वाटेत थांबता येत नाही आणि जो थांबू शकत नाही, त्याला वाळूत तडफडणारा जीव दिसत नाही. नाथांची कावड लहान होती, म्हणूनच ती उतरवता आली.

इतरांचीही ओझी

मॉरिशसच्या तामिळ बांधवांचीही एक कावडी आहे. थाइपूसमच्या दिवशी उपवास व व्रत पाळलेले भक्त लाकडी कमान फुलांनी सजवून, दुधाचा कलश घेऊन, मुरुगन स्वामींच्या देवळापर्यंत चालत जातात. हा दिवसही तेथे सार्वजनिक सुट्टीचा असतो. तामिळ कारागीर तर फ्रेंच अमलात, मजुरांच्याही आधी, पाँडिचेरीहून येथे आले होते. त्यांची रंगीत गोपुरे भाविकाने अवश्य पाहावीत. मराठी, तामिळ, तेलुगू, भोजपुरी असे निरनिराळ्या भाषांचे हिंदू समाज बेटावर आपापली देवळे राखून आहेत. भाषा वेगळ्या आहेत, कावड एकच.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रातून उठलेला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कडा आहे. तेथे हिंदूंचे देवस्थान नाही. तरीही यात्रेकरूने तेथे जावे आणि हात जोडावेत. मळ्यांवरून पळून आलेले आफ्रिकी व मालागासी गुलाम या कड्याच्या गुहांत आणि माथ्यावर आसरा घेत. त्यांना पकडण्यासाठी शिपाई वर येत आहेत असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या आणि वस्तुतः ते शिपाई गुलामगिरी संपल्याची वार्ता घेऊन येत होते, अशी कथा बेटावर सांगतात. २००८ मध्ये या स्थळालाही युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या आणि ल मॉर्नचा कडा ही एकाच दुःखाची दोन टोके आहेत. एका समाजाच्या खांद्यावरचे जू निघाले आणि त्याच मळ्यांवर दुसऱ्या समाजाचा खांदा आला. आपल्या पूर्वजांचे हाल आठवून डोळे ओले व्हावेत आणि दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या हालांसमोर ते कोरडे राहावेत, हे भक्ताचे लक्षण नव्हे. ज्याच्या मनाने गाढवाची तहान ओळखली, त्याच्या परंपरेत वाढलेल्यांना हे निराळे सांगण्याची गरज पडू नये.

दात्यांसाठी दोन शब्द

या पुस्तिकेच्या वाचकांत अनेक उदार दाते आहेत. त्यांच्या दानावर अन्नछत्रे, धर्मशाळा, जीर्णोद्धाराची कामे चालतात. मॉरिशसचा इतिहास दात्यालाही काही शिकवतो. महिना पाच रुपये मिळवणाऱ्याने कालीमाईच्या दिव्यासाठी जे तेल दिले, त्याची पावती कोणी फाडली नाही आणि त्याच्या नावाची फरशीही कोठे बसवलेली नाही. तरीही शंभर-दीडशे वर्षांनंतर तो दिवा तेवत आहे. वाटेवरच्या मंडपात यात्रेकरूच्या हाती सरबताचा पेला देणारी गृहिणी नाव विचारत नाही आणि सांगतही नाही.

दात्याचे नाव कोरण्यात दोष नाही. त्यामुळे इतरांना प्रेरणा मिळते आणि हिशेबही चोख राहतो. मात्र दान देताना एकदा स्वतःला विचारावे की, ही कावड उंच करण्यासाठी दिलेली रक्कम आहे की उतरवण्यासाठी? शिखरावर सुवर्णकलश चढावा ही इच्छा पवित्र आहे. त्याच देवळाच्या वाटेवर पाण्याची सोय, वृद्धांसाठी सावली, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आणि अपंगांसाठी उतरता मार्ग नसेल, तर कलशाच्या आधी तिकडे पाहावे. देव कलश मिळेपर्यंत थांबू शकतो. तहान थांबू शकत नाही.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. गंगा तलावाचा परिसर उंचावर असल्यामुळे किनाऱ्यापेक्षा तेथे गारवा, धुके व पाऊस अधिक असतो. उबदार वस्त्र व छत्री जवळ असावी.

२. मंदिरांत खांदे व गुडघे झाकतील अशी वस्त्रे परिधान करावीत. समुद्रस्नानाच्या वस्त्रांनिशी देवळात येऊ नये. पादत्राणे बाहेर ठेवावीत.

३. तलावात मासे व अहिरमासे आहेत. जल निर्मळ राहावे म्हणून फुले, दिवे, नारळ, खाद्यपदार्थ पाण्यात सोडण्यापूर्वी तेथील सेवकांना विचारावे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशात २०१६ पासून बंदी आहे, हे ध्यानी ठेवावे.

४. परिसरात माकडे पुष्कळ आहेत. प्रसाद व खाद्यपदार्थ हाती उघडे धरू नयेत.

५. रोपे, बियाणे, ताजी फुले व फळे परवान्याशिवाय बेटावर नेता येत नाहीत. पूजासाहित्य शक्यतो तेथेच घ्यावे.

६. आप्रवासी घाटाच्या प्राचीन पायऱ्यांवर जेथे जाण्यास मनाई आहे, तेथे दुरूनच वंदन करावे. अवशेषांचा दगड वा वीट आठवण म्हणून उचलू नये.

७. महाशिवरात्रीच्या काळात जाणाऱ्यांनी पायी यात्रेकरूंना वाट द्यावी, वाहन हळू चालवावे आणि वाटेतील सेवेत एखादा तास तरी स्वतः सहभागी व्हावे. घेतलेले सरबत जितके गोड लागते, त्याहून दिलेले अधिक गोड लागते.

८. छायाचित्रे आधी दर्शन झाल्यावर घ्यावीत. पूजा करणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून घेऊ नये.

उपसंहार

यात्रा संपवून भाविक परततो, तेव्हा त्याच्या पिशवीत गंगा तलावाचे थोडे जल असते. ते देवघरात ठेवावे. त्यातील एक पळी मात्र दारच्या तुळशीला, अंगणातल्या पाखरांच्या वाडग्यात किंवा दुपारच्या उन्हात दारी आलेल्या माणसाच्या पेल्यात घालण्यासाठी राखावी. सोळा पायऱ्या चढून गेलेल्या त्या अनामिकांनी गंगा आपल्यापुरती आणली नव्हती. ज्यांना ते कधी पाहणार नव्हते, त्या पुढच्या पिढ्यांसाठी त्यांनी ती आणली. त्यांच्या कावडीतील एक थेंब आपल्या वाट्याला आला, तर तो पुढे देणे हेच त्या तीर्थाचे खरे दर्शन होय.

सर्व यात्रेकरूंची वाट सुखाची होवो, वाटेवर कोणीही तहानलेले न राहो आणि प्रत्येकाच्या खांद्याला पेलेल इतकीच कावड परमेश्वर देवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥